चौथी ‘ब’ची तुकडी

१

शुक्रवारी मधली सुट्टी संपता संपता अंजनाबाई दर्यादीप विद्यामंदिराच्या कार्यालयात शिरल्या आणि थेट प्रभारी मुख्याध्यापक निलेश माने यांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. वेसाव्याच्या बाजारात मासळी विकणाऱ्या या बाई एरवी शाळेत आल्या की चपला दाराबाहेर काढत आणि हळू आवाजात बोलत. आज चपला पायात होत्या आणि आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत पोचत होता.

“ऐका, मास्तर. माझे नातीचा आवाज हाय ह्यो. सगळी मुंबई हसते, तुमी पन हसा.”

त्यांनी टेबलावर ठेवलेल्या मोबाइलमधून एका लहान मुलीचा स्वच्छ, धीट आवाज आला : “माझ्या बाबांनी जाळ्यातून हलवा काढला.” पाठोपाठ कुठूनसा उसना आणलेला हास्यकल्लोळ. आणि पडद्यावर अक्षरे उमटली :

‘चौथी ब चा नवा शोध : शिऱ्यालाही जाळं लागतं! अशी तुकडी ज्याच्या ताटात पडेल, त्याने देवाचे आभारच मानावेत.’

माने सर गोंधळले. “पण आजी, मुलगी चुकलीच की ओ. हलवा जाळ्यातून कसा निघेल?”

“हलवा मासा असतो, मास्तर! पापलेटाचा काळा भाऊ. तुमी कुठले?”

“मी सोलापूरकडचा,” माने सर म्हणाले.

कोपऱ्यातल्या खुर्चीत प्रयोगशाळेच्या नव्या ओट्याचा नकाशा तपासत बसलेल्या जयंतीबाई लेले यांनी पेन्सिल खाली ठेवली. तंत्रनिकेतनात यांत्रिक रेखाटन शिकवण्यात त्यांची उमर गेली होती. निवृत्तीनंतर त्या या संस्थेच्या मंडळावर आल्या. वस्तू समोरून, वरून आणि बाजूने पाहिल्याशिवाय तिच्याविषयी मत द्यायचे नाही, ही सवय मात्र निवृत्त झाली नव्हती.

ती रील ‘डस्टर आणि दंगा’ या इन्स्टाग्रामवरच्या पानावर आली होती. चौथी ‘ब’च्या वर्गशिक्षिका कल्पिता भानजी यांनी ते पान सुरू केले होते. बाटलीच्या झाकणांनी एकक-दशक कसे शिकवावे, रडणाऱ्या मुलाला पाढ्यात कसे गुंतवावे आणि पालकसभेत हसू कसे दाबावे, हे सारे त्यावर असे. गावोगावचे शिक्षक ते पाहत. पानाच्या माथ्यावर कल्पिताने लिहिले होते : ‘मुलांसोबत हसा, मुलांवर नको.’

“प्रांजल कालपासून तोंड उघडत नाय,” अंजनाबाई म्हणाल्या. “शाळेत पाय ठेवणार नाय म्हणते. सोमवारी दाखला काढून नेते मी. आणि ती कल्पिता आमच्यातली, मढची कोळीण! तिनं हे करावं?”

त्या निघून गेल्यावर माने सरांनी सुस्कारा सोडला. “सोमवारी मंडळाची बैठक आहे. कल्पिताला नोकरीत कायम करायचं की नाही, ते त्याच बैठकीत ठरायचं होतं. आता प्रश्नच मिटला.”

“कसा मिटला? तिला विचारलंत?”

“विचारायचं काय? पान तिचं, वर्ग तिचा, आवाज तिनेच टिपलेला.” ते थोडे थांबले. “एवढंच, की काल रील पडली तेव्हा ती शाळेत नव्हती.”

२

शनिवारी शाळा सुटल्यावर जयंतीबाई चौथी ‘ब’च्या रिकाम्या वर्गात कल्पितासमोर बसल्या. मढहून तरीच्या होडीने खाडी ओलांडून रोज शाळेत येणारी ही तरुण शिक्षिका रात्रभर झोपलेली दिसत नव्हती.

“बाई, तुम्हालाही वाटतं का मीच केलं असेन?”

“मला अजून काहीच वाटत नाही. तू सांग.”

“गुरुवारी माझं बोरिवलीला प्रशिक्षण होतं. तिथे फोन बाहेर जमा करून घेतात. पण मुलांचे आवाज मी शाळेच्या टॅबवर टिपते आणि तो टॅब स्टाफरूमच्या फळीवर असतो. पान त्यात सदा उघडंच. कोणीही उचलावा.”

“प्रांजलचं वाक्य तेवढंच होतं?”

कल्पिताचे डोळे भरून आले. “नाही. ‘माझ्या बाबांनी जाळ्यातून हलवा काढला आणि आजीने तो बाईंना दिला.’ पुढचं कोणीतरी छाटलं. मला त्यावर ‘शब्द एक, अर्थ दोन’ असा धडा करायचा होता, हो.”

“आणि त्याखालचा मजकूर?”

“तिचा आवाज ऐकला, ते खोटं हसणं ऐकलं आणि फोन पालथा घातला. पुढचं वाचवलंच नाही.”

हे खरे असेल, नाहीतर फार काळजीने बांधलेले असेल, असे मनाशी म्हणत जयंतीबाई व्हरांड्यात आल्या. तिथे माने सर जणू वाटच पाहत होते.

“बाई, एक सांगू? पानाचे बघणारे कमी झाले म्हणून ती मागच्या आठवड्यात हळहळत होती. खळबळ उडाली की बघणारे वाढतात. मी आधीपासून म्हणत होतो, शाळेत हा तमाशा नको. पान बंद झालं तर मी पेढे वाटीन.”

“पेढे वाटण्याइतका राग असेल, तर टॅब तुम्हीही उचलू शकला असता, सर.”

माने सरांचा चेहरा उतरला. “टॅब? मला त्याचा आवाज कमी करता येत नाही, बाई.”

संगणक शिकवणारी श्वेता अभ्यंकर प्रयोगशाळेत एकटी होती. कल्पिताच्या रील्स जोडण्याचे आणि त्यांवर अक्षरे टाकण्याचे काम तिचे. ती विचारण्याआधीच बोलू लागली.

“पोस्टला आधी वेळ लावून ठेवता येते, बाई. म्हणजे कल्पिता बोरिवलीत होती, हा काही पुरावा नाही. मी तिच्याविरुद्ध बोलत नाहीये हं, फक्त सांगतेय.”

“तिचं कोणाशी बिनसलं होतं?”

“बिनसलं असं नाही. सुयोग सर पानावर ‘गाववाले’ नावाची विनोदी मालिका करायचे, मुलांच्या बोलीची नक्कल. कल्पिताने ती काढून टाकली. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, ‘सर, याला विनोद म्हणत नाहीत.’ पण सर दिलदार. हसले आणि सर्वांना चहा पाजला.”

जयंतीबाईंनी चष्मा पुसला. “हलवा हा मासा असतो, हे तुला ठाऊक होतं, श्वेता?”

श्वेताच्या गालांवर लाली चढली. “मी मुलुंडची अभ्यंकर, बाई. आमच्याकडे अंडंसुद्धा गच्चीवर खातात.”

एवढे बोलून तिने संगणक बंद केला आणि पर्स उचलली. प्रश्नाचे उत्तर मात्र तिने दिले नव्हते.

३

सुयोग परुळेकर चित्रकला शिकवत आणि शाळेला हसवत. मूळ घराणे मालवणकडचे. आजोबा गिरणीत होते, वडील बेस्टमध्ये. जयंतीबाईंना त्यांनी त्याच दुपारी शाळेमागच्या खानावळीत आग्रहाने नेले. आत पाय ठेवताच मालक गल्ल्यावरून ओरडला, “मास्तर, तुमचा तो इन्स्पेक्शनचा जोक काल मेव्हण्याला सांगितला! साहेब विचारतो, ‘फळा का कोरा?’ आणि मास्तर म्हणतो, ‘साहेब, मुलं हुशार आहेत...’”

“हुशार नाही रे, ‘पाठ आहे’! ‘साहेब, मुलांना पाठ आहे!’” सुयोग सर अर्ध्या वाटेतून मागे वळले. “शेवटचा शब्द बदललास की जोक मेला. किती वेळा सांगू तुला?”

मालक खजील होऊन हसला. “चुकलं. काय देऊ?”

“बाईंना शाकाहारी ताट. मला भात, सोलकढी नि तुकडी.”

“कसली? हलवा आज एकदम ताजा आहे.”

सुयोग सरांचा हात पाण्याच्या पेल्यावर क्षणभर थांबला. “सुरमईची दे.”

ते खुर्ची ओढून बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “कल्पिताचं नाव तर घेऊच नका, बाई. मुलांसाठी जीव टाकते ती पोरगी. मंडळासमोर मी स्वतः तिच्या बाजूने उभा राहीन.”

“मग कोणी केलं असेल?”

“सरळ आहे ना. लिहिणाऱ्याला हलवा म्हणजे शिऱ्याचा भाऊ वाटतो. तो मासा असतो हे त्याच्या गावीच नाही. आता आमच्या स्टाफरूममध्ये मासे न खाणारं कोण, रील जोडता येणारं कोण? मी नाव घेत नाही. उगीच कोणाची वाट का लावा?”

ताटे आली. सुयोग सरांनी तळलेल्या माशाचा काटा सराईतपणे बाजूला काढला.

“तुमची ‘गाववाले’ मालिका बंद झाली म्हणे?” जयंतीबाईंनी वरणात तूप कालवत विचारले.

“मीच बंद केली. जुना माल, किती दिवस विकायचा?”

ते झकास हसले. जयंतीबाईंना मात्र श्वेताचे शब्द आठवले : कल्पिताने काढून टाकली. दोघांपैकी एक खोटे बोलत होता. आणि मासा न ओळखणाऱ्या माणसांची संख्या आता दोन झाली होती, मुलुंडची श्वेता आणि सोलापूरचे माने सर.

४

रविवारी पार्ल्याच्या आपल्या घरी जयंतीबाईंनी ‘डस्टर आणि दंगा’ हे पान शेवटापासून आरंभापर्यंत नेटाने पाहिले. यंत्राचा नकाशा वाचावा तसे, एकही रेष न गाळता. काही ठिकाणी त्यांना मनापासून हसूही आले. भागाकार येत नाही म्हणून वर्गातला वडापाव वाटायला दिलेला मुलगा शेवटी म्हणतो, ‘बाई, बाकी मी खाल्ली’, तिथे तर त्यांनी रील पुन्हा लावली.

मग ती सापडली. कल्पिताची मासळीवरची जुनी रील. बोंबील, मांदेली, रावस अशी नावे मुले सांगत होती आणि एका चित्राखाली श्वेताने टाकलेली अक्षरे होती : ‘हा हलवा. याच्या फोडी करून तळतात.’

खाली वाचकांनी श्वेताला सोलून काढले होते. ‘फोडी आंब्याच्या हो, मॅडम!’ ‘माशाच्या फोडी करणारी सुगरण पहिल्यांदाच पाहिली.’ कोणी तर कैरीचा आणि माशाचा फोटो शेजारी शेजारी लावला होता.

जयंतीबाई मागे टेकल्या. म्हणजे हलवा हा मासा असतो, हे श्वेताला चांगलेच ठाऊक होते. झालेल्या फजितीच्या लाजेने तिने उत्तर टाळले होते. मग अजाण उरला एकच माणूस. आणि त्याला पान बंद झालेले हवे होते.

हे सारे फार नीट जुळत होते. इतके नीट, की त्यांना संशय आला. रेखाटनात समोरून न दिसणारी कड तुटक रेषेने दाखवतात. ती रेषा विसरणारा विद्यार्थी त्यांच्याकडे कधी उत्तीर्ण झाला नव्हता. इथे ती कड कोणती?

माशाच्या फोडी नसतात, तर मग काय असते? जन्मभर शाकाहारी राहिलेल्या माणसाला हा प्रश्न कधी पडलेला नसतो. त्या विचार करत राहिल्या आणि अचानक खानावळीतला एक आवाज त्यांच्या कानांत घुमला.

त्यांनी फोन उचलून त्या रीलखालचा मजकूर मोठ्याने वाचला. दुसऱ्यांदा वाचताना ‘ताटात’ या शब्दावर त्यांचे बोट थबकले.

थोड्या वेळाने त्यांनी अंजनाबाईंना फोन लावला. “उद्या दाखला मागण्याआधी मंडळाच्या बैठकीला या. तुमच्याशिवाय ही बैठक पुरी होणार नाही.”

५

सोमवारी बैठकीला अध्यक्षांसमोर माने सर, तिन्ही शिक्षक आणि दाराजवळच्या खुर्चीत अंजनाबाई बसल्या होत्या. कल्पिता मान खाली घालून होती. सुयोग सरांनी तिच्या खांद्याला धीराचा हात लावला आणि ते शेजारी बसले.

जयंतीबाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. “आधी मजकुराविषयी बोलू. ज्याने हे लिहिलं त्याला मराठी धड येत नाही.”

सगळ्यांनी माना वर केल्या.

“‘अशी तुकडी ज्याच्या ताटात पडेल.’ आता वर्गाची तुकडी ताटात कशी पडेल? नशिबी आलेली गोष्ट पदरात पडते. पदरी पडलं पवित्र झालं, असं आपण म्हणतो. विनोद तर फसलाच आहे, भाषाही फसली आहे. माझा विद्यार्थी असता तर लाल पेन्सिलीने खोडलं असतं.”

“बरोबर आहे की ओ,” माने सर म्हणाले. “पदरातच पाहिजे.”

श्वेताने मान डोलावली. सुयोग सरांची खुर्ची करकरली.

“लिहिणारा अगदी सामान्य कुवतीचा दिसतो,” जयंतीबाई शांतपणे पुढे म्हणाल्या. “अध्यक्ष महाराज, आपण इतिवृत्तात दुरुस्त करूनच लिहू. ‘अशी तुकडी ज्याच्या पदरात पडेल.’ वाक्य सरळ होतं.”

“वाक्य सरळ होतं, पण कोटी मरते ना, बाई!”

बोलून गेल्यावर सुयोग सरांनी ओठ मिटले. पण शब्द सुटला होता.

“कोटी? यात कोटी आहे? मला तर दिसत नाही.”

“म्हणजे... तसं काही नाही. एक तुकडी शाळेची आणि...”

“आणि दुसरी?”

उत्तर दाराजवळून आले.

“हलव्याची,” अंजनाबाई म्हणाल्या. “तव्यावरची.”

जयंतीबाईंनी चष्मा काढला. “शिऱ्याची कोणी तुकडी म्हणत नाही. शिऱ्याची मूद असते, फार तर वडी. म्हणजे लिहिणाऱ्याने ‘शिरा’ लिहून अज्ञानाचं सोंग घेतलं, पण हलवा हा मासा असतो आणि तो ताटात कसा येतो हे त्याला पुरतं ठाऊक होतं. माने सरांना मासाच ठाऊक नव्हता. श्वेताला मासा ठाऊक होता, पण ती त्याच्या फोडी करते, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं आहे.”

श्वेताने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

“कोटी कळली म्हणजे मी लिहिली असं होत नाही,” सुयोग सर म्हणाले. त्यांच्या हसण्यातला ओलावा आता सुकला होता. “कल्पितालाही कळेल. आजींनाही कळली.”

“खरं आहे. पण शनिवारी तुम्ही मला काय सांगितलंत? लिहिणाऱ्याला हलवा मासा असतो हे गावीच नाही. ज्याला ही कोटी कळली आहे, तो असं प्रामाणिकपणे म्हणूच शकत नाही, सर. कोटी दिसली की लिहिणारा मासे खाणारा आहे, हेही दिसतं. तुम्हाला ते दिसत होतं, तरी तुम्ही माझं बोट धरून मला श्वेताच्या दारात नेलंत. कल्पिताने कोणाचंही दार दाखवलं नाही. आणि ‘गाववाले’ तुम्ही बंद केली नव्हती. ती बंद केली गेली.”

कल्पिता वळून त्यांच्याकडे पाहत होती. “सर?” एवढेच ती म्हणाली.

सुयोग सर टेबलाच्या कडेवरून नख फिरवू लागले.

“सगळ्यांसमोर बोललीस तू,” ते म्हणाले. “‘याला विनोद म्हणत नाहीत.’ दुसरं येतं काय मला? माणसं हसत होती गं माझ्यावर... म्हणजे माझ्या विनोदावर. तू एका बोटाने पुसून टाकलंस. म्हटलं, एक वादळ येईल, पान बंद पडेल, संपेल. तुझी नोकरी जाईल असं नव्हतं डोक्यात. आणि पोरीचं तोंड दिसत नव्हतं. नुसता आवाज. कोण ओळखणार?”

“आमी ओळखतो, मास्तर,” अंजनाबाई म्हणाल्या. “काळोखात दर्यावर होडी दिसत नाय. मानूस आवाजावरनंच ओळखायचं असतं.”



मंडळाने कल्पिताला त्याच बैठकीत कायम केले. सुयोग सरांची चौकशी होईपर्यंत त्यांना वर्गापासून दूर ठेवायचे ठरले. त्याआधी त्यांनी त्याच पानावर, स्वतःच्या तोंडाने, प्रांजलचे पूर्ण वाक्य सांगून माफी मागायची होती. माने सर कसनुसे होऊन जयंतीबाईंना म्हणाले, “पेढ्यांचं राहू द्या.”

“आणि दाखला?” अध्यक्षांनी अंजनाबाईंना विचारले.

अंजनाबाई उठल्या. “बाईंचा न्याय झाला. पोरीचा नाय झाला अजून. दाखला न्यायचा की नाय, ते तीच बोलेल.”

६

मंगळवारी खिडकीजवळचा बाक रिकामा होता. बुधवारीही. कल्पिताने कोळीवाड्यात जाऊन आर्जव केले नाही. फक्त प्रांजलच्या शेजारणीजवळ गृहपाठ पाठवला.

गुरुवारी जयंतीबाई ओट्याचे माप घ्यायला आल्या आणि चौथी ‘ब’च्या दाराशी थांबल्या. बाकावर दोन घट्ट वेण्या दिसत होत्या. अंजनाबाई व्हरांड्यात उभ्या होत्या, चपला दाराबाहेर काढून, पण पदर खोचून, वेळ आलीच तर नातीला उचलून न्यायच्या तयारीने.

कल्पिताने फळ्यावर शब्द लिहिला : तुकडी. “वाक्यात उपयोग करा.”

मुलांना सारे ठाऊक होते. मुलांना नेहमीच ठाऊक असते. एकाने हात वर केला आणि घाईने खाली घेतला. सगळे खिडकीजवळच्या बाकाकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होते.

वेण्या हलल्या. प्रांजल उभी राहिली. तोंड उघडले, मिटले. व्हरांड्यातल्या आजीचा हात गजावर आवळला गेला.

“बाई,” ती म्हणाली. आवाज आधी बारीक निघाला, मग पूर्वीसारखा स्वच्छ आला. “आमच्या तुकडीत एक काटा होता, तो आजीने काढला.”

क्षणभर कोणाला कळले नाही. मग पहिल्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसले आणि सारा वर्ग फुटला. प्रांजलने दचकून चहूकडे पाहिले. मुले तिच्याकडे पाहून हसत होती, पण तिच्यावर हसत नव्हती. एवढा फरक नऊ वर्षांच्या मुलीलाही कळतो. मग तीही हसू लागली.

जयंतीबाईंनी सवयीने टेबलाकडे पाहिले. असे वाक्य मिळाले, तर गावोगावच्या शिक्षकांनी डोक्यावर घेतले असते. पण टॅब पालथा पडला होता आणि कल्पिता खडू हातात धरून नुसती ऐकत होती.